नवा ठिपका आणि त्याची ओळख

वाचकांचे प्रश्न : खगोल

मागील अंकात सप्तर्षींच्या परिसरातील दीर्घिकांविषयी लिहिताना एम १०१ या दीर्घिकेत मे २०२३ मध्ये दिसलेल्या अतिनवताऱ्याचा, म्हणजेच सुपरनोव्हाचा (स्फोट होऊन एकाएकी उजळणाऱ्या ताऱ्याचा), दोन ओळींत उल्लेख केला होता. त्या लेखातील बाकी कशाहीपेक्षा त्या दोन ओळींवर अधिक पत्रे आली. त्यांपैकी सहा प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरांची लांबी सारखी नाही, कारण काही प्रश्नांना दोन वाक्ये पुरतात आणि काहींना पान अपुरे पडते.

प्रश्न (सांगलीहून एक शिक्षिका) : जपानमधील एका हौशी निरीक्षकाने हा अतिनवतारा शोधला, असे आपण लिहिले होते. ज्या दीर्घिकेत अब्जावधी तारे आहेत तिच्यात एक तारा नवा आला हे कसे कळते? आणि तो कॅमेऱ्यातील दोष नाही, याची खात्री कशी करतात? नववीच्या मुलांनी वर्गात हे विचारले आणि मला नीट सांगता आले नाही.

उत्तर : आपल्या विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न चांगला आहे आणि दुसरा त्याहून चांगला आहे.

एम १०१ आपल्यापासून सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. एवढ्या अंतरावरून लहान दुर्बिणीला तिच्यातील तारे सुटे दिसतच नाहीत. त्यांचा प्रकाश एकमेकांत मिसळून दुधाच्या डागासारखा एक फिकट पसारा उमटतो. त्या पसाऱ्यावर एखादा ठसठशीत ठिपका दिसला, तर तो एक तर आपल्याच आकाशगंगेतील, वाटेत आडवा आलेला तारा असतो, नाही तर त्या दीर्घिकेतील असे काहीतरी, जे एकट्याने शंभर कोटी सूर्यांहून अधिक प्रकाश देत आहे. म्हणून अब्जावधी तारे मोजत बसावे लागत नाही. कालचे छायाचित्र आणि आजचे छायाचित्र शेजारी ठेवून काय वाढले, एवढेच पाहावे लागते.

यामागाता येथील कोइची इतागाकी हेच काम कित्येक वर्षे करीत आले आहेत आणि त्यांच्या नावावर दीडशेहून अधिक अतिनवतारे आहेत. १९ मे २०२३ रोजी वैशाख अमावास्या होती, म्हणजे चंद्रप्रकाशाचा अडथळा नव्हता. जागतिक वेळेनुसार १७ वाजून २७ मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे रात्री १० वाजून ५७ मिनिटांनी आणि जपानमध्ये मध्यरात्र उलटून अडीच वाजत आले असताना, त्यांच्या छायाचित्रात एम १०१ च्या बाहेरच्या एका भुजेवर, एनजीसी ५४६१ या मोठ्या वायुमेघाजवळ, आधी नसलेला एक ठिपका होता. त्याची प्रत १४.९ होती. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक. नुसत्या डोळ्यांना काळ्याभोर आकाशात सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, आणि हा ठिपका त्याहून सुमारे साडेतीन हजार पटींनी मंद होता.

आता मुलांचा दुसरा प्रश्न. कॅमेऱ्याच्या संवेदकावरील एखादा बिघडलेला बिंदू प्रत्येक चित्रात त्याच जागी चमकतो. दुर्बीण किंचित हलवून पुन्हा चित्र घेतले, की हा दोष उघडा पडतो, कारण तारे सरकतात आणि दोष जागच्या जागी राहतो. अवकाशातून आलेला एखादा वेगवान कण संवेदकावर आदळला तरी हुबेहूब ताऱ्यासारखा ठिपका उमटतो, परंतु पुढच्या चित्रात तो नसतो. जवळच्या तेजस्वी ताऱ्याचा प्रकाश भिंगांमध्ये परावर्तित होऊन भुतासारखी प्रतिमा पडते आणि ती दुर्बिणीबरोबर वेडीवाकडी हलते. लघुग्रह असेल तर तास-दोन तासांत तो ताऱ्यांच्या तुलनेत सरकलेला दिसतो. एम १०१ क्रांतिवृत्तापासून, म्हणजे आकाशातील सूर्याच्या वार्षिक मार्गापासून, बरीच उत्तरेला असल्याने तेथे लघुग्रह क्वचितच सापडतात, तरीही ज्ञात लघुग्रहांच्या यादीशी ताडून पाहण्याची शिस्त मोडायची नसते. शेवटी उरतो आपल्याच आकाशगंगेतील एखादा रूपविकारी तारा, जो एरवी दिसत नाही आणि अचानक भडकतो. त्याला मात्र छायाचित्राने ओळखता येत नाही. तेथे वर्णपटच, म्हणजे प्रकाशातील रंग सुटे करून मिळालेली पट्टीच, लागते, आणि तो विषय पुढील प्रश्नात येतो.

मुलांना वर्गात दाखवायचे असेल, तर फळ्यावर खडूने शंभरेक ठिपके काढून मोबाइलवर त्याचे चित्र घ्यावे, मुलांना पाठमोरे उभे करून एक ठिपका वाढवावा आणि दुसरे चित्र घ्यावे. दोन्ही चित्रे एकामागून एक भरभर दाखवली, की वाढलेला ठिपका लुकलुकतो. आज मोठ्या सर्वेक्षणांत संगणक एक चित्र दुसऱ्यातून वजा करून हेच काम करतो.

प्रश्न (नाशिकहून अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी) : शोध लागल्यानंतर काही तासांतच हा 'दुसऱ्या प्रकारचा' अतिनवतारा असल्याचे जाहीर झाले. ज्याचा आकारही दिसत नाही अशा ठिपक्याचा प्रकार कसा ठरवतात? आणि दुसरा प्रकार म्हणजे पहिल्यापेक्षा कमी प्रतीचा समजायचा का?

उत्तर : दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. पहिला आणि दुसरा हे क्रम योग्यतेचे नाहीत. १९४१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ मिन्कोव्स्की यांनी तोपर्यंत पाहिलेल्या अतिनवताऱ्यांचे वर्णपट शेजारी शेजारी मांडले, तेव्हा त्यांचे दोन गट पडले. एकात हायड्रोजनच्या खुणा नव्हत्या, त्याला त्यांनी पहिला प्रकार म्हटले, आणि दुसऱ्यात त्या होत्या. स्फोट कशाने होतो हे तेव्हा उलगडलेले नव्हते. केवळ जे दिसले त्यावरून केलेली ती विभागणी आजही टिकून आहे, जरी तिच्या आत पुढे अनेक पोटप्रकार करावे लागले.

आता मुख्य मुद्दा. ठिपक्याला आकार नसला तरी त्याच्या प्रकाशाला रंग असतात आणि ते सुटे करता येतात. इतागाकी यांची नोंद जाहीर होताच अटलांटिक महासागरातील ला पाल्मा बेटावरच्या लिव्हरपूल दुर्बिणीने त्या ठिपक्याकडे तोंड वळवले. दोन मीटर व्यासाच्या आरशाची ही दुर्बीण स्वयंचलित आहे आणि रात्री तिच्यापाशी कोणी बसलेले नसते. डॅनियल पर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यामार्फत वर्णपट मिळवला. ठिपक्याचा प्रकाश एका अरुंद फटीतून आत घेतात, म्हणजे शेजारच्या ताऱ्यांचा आणि आकाशाच्या उजेडाचा भाग शक्य तितका बाहेर राहतो. मग अतिशय बारीक रेघांच्या जाळीवरून तो पसरवला, की संवेदकावर एक लांबट पट्टी उमटते. तिच्या एका टोकाला निळा प्रकाश आणि दुसऱ्या टोकाला तांबडा असतो. या पट्टीचा आलेख काढला, की त्यात उंचवटे आणि खड्डे दिसतात. कोणत्या तरंगलांबीला उंचवटा आहे आणि कोणत्या तरंगलांबीला खड्डा, यावरून तेथे कोणते मूलद्रव्य आहे ते कळते. हायड्रोजनची सर्वांत ओळखीची रेषा ६५६.३ नॅनोमीटरला, तांबड्या भागात असते. एम १०१ मधील नव्या ठिपक्याच्या वर्णपटात ती होती आणि तेवढ्यावर प्रकार ठरला.

तरी त्या वर्णपटात याहून अधिक काही होते. एकंदर प्रकाश निळसर, म्हणजे अत्यंत तप्त होता, आणि त्यावर हायड्रोजन आणि आयनीभूत (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले) हेलियम, कार्बन आणि नायट्रोजन यांच्या अरुंद, टोकदार रेषा उभ्या होत्या. स्फोटात उधळलेले द्रव्य सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने चहूकडे जात असते, त्यातील काही आपल्या दिशेने आणि काही उलट्या दिशेने, त्यामुळे त्याच्या रेषा पसरट होतात. टोकदार रेषा देणारे द्रव्य याचा अर्थ त्यामानाने सावकाश चालणारे द्रव्य. ते स्फोटातून आलेले नव्हते, स्फोटाआधीच ताऱ्याभोवती जमलेले होते.

आपल्याला तुलना करायची असेल तर दूर जायला नको. याच एम १०१ मध्ये २४ ऑगस्ट २०११ रोजी पालोमार येथील सर्वेक्षणाला एक अतिनवतारा सापडला होता. त्याचे नाव एसएन २०११एफई. योगायोग असा, की त्याचाही पहिला वर्णपट याच लिव्हरपूल दुर्बिणीतून आला. त्यात हायड्रोजनचा मागमूस नव्हता. त्याऐवजी सिलिकॉनचा रुंद खड्डा होता. प्रयोगशाळेत या रेषेची तरंगलांबी ६३५.५ नॅनोमीटर असते, आणि अशा अतिनवताऱ्यात ती ऐन भरात असताना साधारण ६१५ नॅनोमीटरच्या आसपास दिसते. आपण अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहात, म्हणून हे गणित स्वतः करून पाहा. रेषा निळ्याकडे २०.५ नॅनोमीटर सरकली. त्याला ६३५.५ ने भागून प्रकाशाच्या वेगाने गुणले, की सेकंदाला सुमारे ९,७०० किलोमीटर हा वेग मिळतो. आपल्या दिशेने येणाऱ्या सिलिकॉनच्या थराचा तो वेग आहे. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरच्या, आकारही न दिसणाऱ्या ठिपक्याविषयी एका भागाकाराने एवढे कळावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

सिलिकॉनची ही खूण ज्यात असते तो 'पहिला-अ' प्रकार. एकाच दीर्घिकेत बारा वर्षांच्या अंतराने दिसलेल्या या दोन ठिपक्यांचे मूळ मात्र अगदी वेगळे आहे. २०११ चा स्फोट श्वेतबटूचा होता. सूर्यासारखा तारा विझत आल्यावर मागे उरणारा, पृथ्वीएवढ्या आकाराचा, कार्बन आणि ऑक्सिजनचा घट्ट गोळा म्हणजे श्वेतबटू. असा गोळा सूर्याच्या सुमारे १.४ पटींपेक्षा जड होऊन टिकू शकत नाही, हे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९३० च्या दशकात गणिताने दाखवले. जोडीदार ताऱ्याकडून द्रव्य ओढून घेत किंवा दुसऱ्या श्वेतबटूशी मीलन होऊन त्यात अणुज्वलन भडकते आणि सारा गोळा उधळला जातो. त्यात तयार झालेले किरणोत्सारी निकेल सहा दिवसांच्या अर्धायुष्याने कोबाल्टमध्ये आणि ते कोबाल्ट ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने लोहात बदलते. पुढील कित्येक आठवडे आपल्याला दिसणारा उजेड याच किरणोत्साराचा असतो.

२०२३ चा स्फोट तांबड्या महाराक्षसी ताऱ्याचा होता. सूर्याच्या आठ पटींहून जड असलेल्या ताऱ्याच्या गाभ्यात अखेरीस लोह साठते. लोहापासून ऊर्जा मिळत नाही, त्यामुळे वरचे ओझे तोलणारा दाब सरतो आणि गाभा एका सेकंदाच्याही आत कोसळतो. बाहेरचे थर उधळले जातात, आणि त्या थरांत हायड्रोजन मुबलक असल्याने वर्णपटात त्याची रेषा येते. जर ताऱ्याने आधीच हायड्रोजनचे आवरण गमावले असेल, तर स्फोट त्याच रीतीचा असूनही हायड्रोजन दिसत नाही. हेलियम दिसले तर 'पहिला-ब' आणि तेही नसले तर 'पहिला-क'. म्हणजे मिन्कोव्स्कींच्या पहिल्या गटात दोन निरनिराळ्या कुळांतील स्फोट एकत्र बसले आहेत, आणि नवख्यांचा गोंधळ होतो तो येथेच. मार्च १९९३ मध्ये एम ८१ दीर्घिकेत दिसलेल्या एसएन १९९३जे या अतिनवताऱ्याने तर पहिल्या आठवड्यांत हायड्रोजन दाखवला आणि पुढे हेलियम, म्हणून त्याला 'दुसरा-ब' म्हणावे लागले.

प्रत्यक्षात वर्गीकरण करणारी व्यक्ती नवा वर्णपट संगणकात साठवलेल्या जुन्या वर्णपटांवर ठेवून पाहते. दीर्घिका फार दूरची असेल तर विश्वाच्या प्रसरणामुळे सर्व रेषा तांबड्याकडे सरकलेल्या असतात. ही ताम्रसृती आधी वजा केल्याशिवाय जुळणी करणे व्यर्थ आहे. सिलिकॉनचा खड्डा भलत्या जागी दिसतो आणि माणूस फसतो. हे काटेकोरपणे करण्याला मोठी किंमत आहे. 'पहिला-अ' प्रकारचे अतिनवतारे जवळजवळ ठरावीक तेजाचे असल्याने त्यांच्यावरून अंतरे मोजतात, आणि १९९८ मध्ये विश्वाचे प्रसरण वेगावत असल्याचे त्याच मोजणीतून निघाले. २०११ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि ॲडम रीस यांना त्याबद्दल मिळाले. एखादा 'पहिला-क' चुकून त्या यादीत शिरला, तर अंतरच चुकते.

प्रश्न (दादरहून एक निवृत्त बँक कर्मचारी) : जी घटना दोन कोटी वर्षांपूर्वी घडून गेली, तिच्यासाठी तासा-तासाची घाई कशासाठी? उद्या पाहिले तर काय बिघडते?

उत्तर : आपला प्रश्न वाजवी आहे. तो प्रकाश निघाला तेव्हा आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ मात्र जवळजवळ साडेचार कोटी वर्षांचा झालेला होता, कारण दख्खनचे लाव्हाचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. या दृष्टीने एक दिवस म्हणजे काहीच नव्हे. परंतु दोन कोटी वर्षांपूर्वी जे काही ज्या क्रमाने घडले ते त्याच क्रमाने आणि त्याच गतीने आपल्यापर्यंत पोहोचते. पहिल्या तासाचा प्रकाश पहिल्या तासातच येथून पुढे निघून जातो आणि तो पुन्हा मागवता येत नाही. रोजकीर्द त्या दिवशी लिहायची राहिली, तर नंतर आठवून भरता येत नाही, तसे हे आहे.

मागे सांगितलेल्या टोकदार रेषा या अतिनवताऱ्यात सुमारे आठवडाभरातच नाहीशा झाल्या. स्फोटाचा धक्का पसरत पसरत ताऱ्याभोवतीच्या द्रव्याला गाठतो आणि ते गिळून टाकतो. त्यानंतर ते द्रव्य तेथे होते याची सरळ खूण उरत नाही. त्या आठवड्यातील वर्णपट मिळाले म्हणूनच ताऱ्याने आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत आपले द्रव्य झपाट्याने बाहेर टाकले होते, असा निष्कर्ष काढता आला. लक्षावधी वर्षे जगणाऱ्या ताऱ्याची अखेरची चार-दोन वर्षे आपल्या हाती लागली.

याच कारणासाठी शोधाच्या आदल्या दिवसाची छायाचित्रेही मोलाची ठरली. एम १०१ ही वसंतातील लाडकी दीर्घिका असल्याने अनेक हौशी छायाचित्रकारांनी १८ आणि १९ मे रोजी तिची चित्रे घेतलेली होती. बातमी कळल्यावर त्यांनी आपापले साठे उघडले आणि काहींमध्ये तो ठिपका, अजून फारच मंद, सापडला. त्यामुळे स्फोटाचा उजेड १८ मे रोजी प्रथम आला, हे काही तासांच्या अचूकतेने सांगता आले. त्याआधी कित्येक वर्षे हबल आणि स्पिट्झर या अवकाश दुर्बिणींनी तीच जागा टिपलेली होती. तेथे धुळीच्या आवरणात दडलेला, सुमारे एक हजार दिवसांच्या आवर्तनाने कमी-अधिक प्रकाशणारा तांबडा महाराक्षसी तारा होता. त्याचे वस्तुमान सूर्याच्या किती पट, यावर मात्र अभ्यासकांचे एकमत झाले नाही. दहाच्या आसपासपासून विसापर्यंत अनुमाने निघाली, कारण मधली धूळ किती प्रकाश खाते हे प्रत्येकाने वेगळे धरले. मला हा मतभेद निष्कर्षांइतकाच महत्त्वाचा वाटतो. इतक्या जवळच्या, इतक्या बारकाईने पाहिलेल्या ताऱ्याचे वजन ठरवताना एवढा फरक पडत असेल, तर दूरच्या ताऱ्यांविषयी बोलताना जपून बोलायला हवे.

प्रश्न (म्हापसे, गोवा येथून एक वाचक) : 'एसएन २०२३आयएक्सएफ' या नावाचा अर्थ काय?

उत्तर : हे याच अतिनवताऱ्याचे नाव. 'एसएन' म्हणजे सुपरनोव्हा आणि पुढे शोधाचे वर्ष. त्यानंतरची इंग्रजी अक्षरे हा केवळ अनुक्रमांक आहे. वर्षातील पहिल्या सव्वीस नोंदींना ए ते झेड ही एकेक अक्षरे मिळतात, मग दोन अक्षरे, मग तीन. आय हे नववे, एक्स हे चोविसावे आणि एफ हे सहावे अक्षर. नऊ गुणिले ६७६, अधिक चोवीस गुणिले २६, अधिक सहा, म्हणजे ६,७१४. मे महिना संपण्याआधीच त्या वर्षीच्या नोंदी इतक्या झाल्या होत्या. १९८७ मध्ये मोठ्या मॅजेलनी मेघात दिसलेला प्रसिद्ध अतिनवतारा त्या वर्षीचा पहिला होता, म्हणून तो १९८७ए. वर्णपटाने शिक्कामोर्तब होईपर्यंत 'एसएन' ऐवजी 'एटी' ही अक्षरे लावतात, आणि बहुतेक नोंदी कायमच्या 'एटी' राहतात, कारण प्रत्येक ठिपक्यासाठी वर्णपट घ्यायला पुरेशा दुर्बिणी जगात नाहीत.

प्रश्न (न्यू जर्सीतून एक मराठी वाचक) : या अतिनवताऱ्याच्या अभ्यासात भारताचा काही वाटा होता का?

उत्तर : होता, आणि त्याचा एक धागा पवईपर्यंत येतो. लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तेथील दोन मीटरची हिमालयीन चंद्र दुर्बीण आणि ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण या दोघींनी हा अतिनवतारा पाहिला. ग्रोथ-इंडिया ही दुर्बीण त्या संस्थेने आणि मुंबईच्या आयआयटीने मिळून उभारली आहे आणि रात्रीतून बदलणाऱ्या अशाच घटनांसाठी ती राबवली जाते. शिवाय सप्टेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीने त्याची अतिनील निरीक्षणे घेतली, जी जमिनीवरून घेता येत नाहीत, कारण वातावरण तो प्रकाश अडवते. या सर्वांतून भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील अभ्यासकांच्या पुढाकाराने २०२३ मध्येच शोधनिबंध प्रसिद्ध झाला. भारताचे रेखांशही येथे उपयोगी पडतात. जपानमध्ये उजाडते तेव्हा हानलेला रात्र असते आणि हानलेला उजाडते तेव्हा ला पाल्मा येथे अंधार असतो. ही साखळी मध्ये तुटली, तर काही तासांची नोंद कायमची जाते.

प्रश्न (कोल्हापूरहून एक हौशी निरीक्षक) : माझ्याकडे आठ इंची दुर्बीण आणि साधा खगोल कॅमेरा आहे. एवढ्या मोठ्या स्वयंचलित सर्वेक्षणांच्या काळात माझ्यासारख्याने शोध घेण्यात अर्थ आहे का? आणि ठिपका दिसलाच तर काय करावे?

उत्तर : अर्थ आहे, पण कोणत्या दीर्घिका निवडता यावर तो अवलंबून आहे. दूरच्या, अंधुक दीर्घिकांत तुम्हाला सर्वेक्षणांच्या पुढे जाता येणार नाही. चिलीमधील रुबिन वेधशाळेचा ८.४ मीटरचा आरसा आता कामाला लागला आहे, आणि ती एका रात्रीत जे टिपते ते कोणा व्यक्तीला आयुष्यभरात टिपता येणार नाही. परंतु सर्वेक्षणे एकाच जागी पुन्हा यायला एक-दोन किंवा अधिक दिवस घेतात, ढगांनी अडतात, आणि जवळच्या दीर्घिकांचे उजळ गाभे त्यांना त्रासदायक ठरतात. जवळच्या वीस-तीस दीर्घिका ठरवून निरभ्र रात्री नेमाने टिपणाऱ्या निरीक्षकाला आजही जागा आहे. इतागाकी यांनी २०२३ मध्ये ते दाखवलेच.

आठ इंची दुर्बिणीने काय दिसते हे मी स्वतः पाहिले आहे. मे २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात भोर तालुक्यातील एका माळावर आम्ही चौघे अशीच दुर्बीण घेऊन बसलो होतो. पश्चिमेला चंद्राची कोर मावळायला आली होती आणि दक्षिणेकडे वळवाचे ढग चमकत होते, पण उत्तर मोकळी होती. सप्तर्षींच्या शेपटातील वसिष्ठ आणि मरीची यांना पाया धरून उत्तरेकडे जवळजवळ समभुज त्रिकोण कल्पिला, की तिसऱ्या टोकाशी एम १०१ असते. दीर्घिकेचा फिकट पसारा त्या रात्रीच्या धुळकट आकाशात आम्हाला मुळीच दिसला नाही. अतिनवतारा मात्र दिसला. तोपर्यंत तो अकराव्या प्रतीच्या आसपास पोहोचला होता. नजर किंचित बाजूला ठेवली की तो स्पष्ट होई आणि थेट पाहिले की मंदावे. आमच्यातील सर्वांत लहान मुलीने नकाशावरील तारे बोटाने मोजत दोनदा खात्री केली आणि मगच 'हाच' म्हटले. अब्जावधी ताऱ्यांची ती दीर्घिका अदृश्य आणि तिच्यातील एक मरणारा तारा दृश्य, अशी ती रात्र होती.

आता ठिपका दिसल्यास काय करायचे. सर्वप्रथम दुर्बीण थोडी सरकवून आणखी किमान दोन चित्रे घ्यावीत, आणि शक्य असल्यास तासाभराने पुन्हा एक. त्याच जागेचे जुने चित्र, स्वतःचे किंवा सार्वजनिक आकाश सर्वेक्षणातील, शेजारी ठेवावे. लघुग्रहांच्या अद्ययावत यादीत त्या वेळी त्या जागी कोणी आहे का, ते पाहावे. मग आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या नोंदणी व्यवस्थेत त्या जागेवर आधीच नोंद झाली आहे का, हे तपासावे, कारण दहापैकी नऊ वेळा ती झालेली असते आणि त्यात वाईट वाटण्याचे कारण नाही. तुमचे मापन तरीही उपयोगी असते. यातून तरला तर जागा, प्रत, जागतिक वेळ आणि शेवटचे रिकामे चित्र केव्हाचे, एवढे नेमके लिहून नोंद करावी. 'शेवटचे रिकामे चित्र' हा रकाना पुष्कळ जण कोरा सोडतात, परंतु स्फोट केव्हा झाला याची खालची मर्यादा त्याच रकान्यातून मिळते. वर्णपटाची चिंता करू नये, तो दुसरे कोणीतरी घेईल. त्यांना लवकर कळवणे तेवढे आपल्या हाती आहे.

एम १०१ फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमारास ईशान्येला उगवू लागते आणि मे महिन्यात संध्याकाळनंतर डोक्याच्या उत्तरेला चांगली वर असते. त्याआधी तुमच्या वीस-तीस दीर्घिकांची एकेक स्वच्छ छायाचित्रे घेऊन, प्रत्येकावर तारीख, वेळ आणि उद्भासनकाल (कॅमेऱ्याने किती वेळ प्रकाश घेतला तो काळ) लिहून वेगळी जपून ठेवा. त्यांत नवे काहीच नसेल. पुढची प्रत्येक तुलना मात्र त्यांच्याशीच करायची आहे.